कोण अण्णा?

थोरामोठ्यांशी असलेली ओळख मराठीत मिरवायची असेल, तर त्यांचं नाव घ्यायचं नसतं. या खेळातला हा पहिला नियम. 'भीमसेन जोशींची आणि माझी ओळख होती' असं सरळ सांगून टाकणारा गडी कच्चा. मुरलेला माणूस चहाचा घोट घेतो, कपाकडे बघत राहतो आणि म्हणतो, "परवा कपाट आवरताना अण्णांचं एक पत्र सापडलं." एवढं बोलून तो थांबतो. इथून पुढचं काम ऐकणाऱ्याचं. आपण विचारायचं, "कोण अण्णा?" मग असाही प्रश्न कोणाला पडू शकतो याचं नवल वाटल्यासारखं बघत त्याने म्हणायचं, "अहो, आपले भीमसेन!" नाव आपण विचारलं म्हणून आलं. सांगणारा नामानिराळा.

हे कसब आपल्या घरांनीच शिकवलं. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारायची नाही. नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं ते उखाण्यात, तेही चारचौघींनी आग्रह केल्यावर. माणूस जितकं जवळचं, तितकं त्याचं पाळण्यातलं नाव लांब ठेवायचं. त्यामुळे प्रत्येक मोठ्या माणसाभोवती नावांची कडी तयार होतात. पुस्तकावर पु. ल. देशपांडे, वाचकांच्या तोंडी पु. ल., घरात भाई. कवितेखाली कुसुमाग्रज, नाटकाच्या जाहिरातीत वि. वा. शिरवाडकर, नाशकात तात्यासाहेब. सुधीर फडके बाबूजी, लता मंगेशकर दीदी, किशोरी आमोणकर ताई. सगळ्यात बाहेरच्या कड्यात उभं राहून सगळ्यात आतल्या कड्यातली हाक मारता आली, की निम्मा डाव जिंकला.

अडचण एवढीच, की घरगुती नावं मोजकी आणि मोठी माणसं पुष्कळ. भीमसेन अण्णा, ग. दि. माडगूळकर अण्णा आणि संगीतकार सी. रामचंद्रही अण्णाच. एका लग्नाच्या पंगतीत दोन वयस्क गृहस्थ अण्णांबद्दल भरभरून बोलत होते. एकाचे अण्णा गदिमा होते, दुसऱ्याचे सी. रामचंद्र. एकाच्या अण्णांना गाडीत बसल्या बसल्या गाणं सुचायचं, दुसऱ्याच्याही अण्णांना सुचायचं. एकाचे अण्णा शब्दांतून बोलत होते आणि दुसऱ्याचे सुरांतून, म्हणून मठ्ठा येईपर्यंत दोघांनाही काही खटकलं नाही. 'साहेब' म्हणजे नक्की कोण, हे तर पक्षावर, जिल्ह्यावर आणि सांगणाऱ्याच्या वयावर ठरतं. आणि 'भाई' म्हटलं की पुण्यात हसू उमटतं. मुंबईच्या काही गल्ल्यांमध्ये मात्र आवाज आपोआप खाली येतो.

दुसरा नियम असा, की गोष्टीत मोठा माणूस काहीतरी किरकोळ करत असावा. थोर गवयाने तोडी कशी मांडली, हे कोणी सांगत नाही. तोडी तिकीट काढून कोणालाही ऐकता येते. 'आमच्या हिच्या हातचं पिठलं त्यांना फार आवडायचं' हे सांगितलं जातं, कारण पिठलं खायला घरी यावं लागतं. पुढची पायरी रागावून घेण्याची. मोठ्या माणसाने आपलं कौतुक केलं, हे सांगणं उथळ वाटतं. तो आपल्यावर खेकसला, हे सांगितलं की जवळीक सिद्ध होते, कारण परक्यावर कोण कशाला खेकसेल? "दीदी मला म्हणाल्या, तुम्हाला काही कळत नाही," हे वाक्य इतक्या अभिमानाने उच्चारलं जातं, की आपल्याला काही कळतं याचं दुःख व्हावं. आणि शेवटचा, सगळ्यात अवघड प्रकार तक्रारीचा. "मंत्री झाला म्हणून काय झालं, रात्री अकराला फोन करायचा? आमच्या झोपेचं खोबरं!" इथे बढाई कुठे संपते आणि गाऱ्हाणं कुठे सुरू होतं, ते सांगणाऱ्यालाही माहीत नसतं.

माणूस गेला की त्याचे मित्र वाढायला लागतात. पु. ल. १२ जून २००० रोजी गेले. त्यानंतरच्या पाव शतकात त्यांच्याशी गप्पा मारलेल्यांची संख्या निसर्गनियमाने घटायला हवी होती. माझ्या ऐकण्यात ती वाढतेच आहे. हयात माणूस कधी समोर येऊन 'आपण कोण?' विचारील याचा नेम नसतो. गेलेला माणूस तेवढा उपद्रव देत नाही. मराठी श्रद्धांजली लेखांचा साचाही यातूनच पडला असावा. पहिल्या परिच्छेदात दिवंगताचं मोठेपण, दुसऱ्यात लेखकाचं पहिलं पुस्तक, तिसऱ्यात त्या पुस्तकाबद्दल दिवंगताने काढलेले उद्गार. चौथ्या परिच्छेदापर्यंत गेलेला माणूस पुन्हा एकदा गेलेला असतो.

हजेरी लावण्याचंही तसंच. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या दोन मुलांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. शाळेचा सामना, त्याला प्रेक्षक ते किती असणार? पण पुढच्या काळात 'मी होतो की तिथे' म्हणणारी इतकी माणसं भेटली, की ती सगळी खरंच आली असती तर क्षेत्ररक्षकांना उभं राहायला जागा उरली नसती. शिवाजी पार्कात सचिनला लहानपणी आउट केलेले गोलंदाज वेगळेच. खरोखर जे तिथे होते, त्यांच्या गोष्टी मात्र निराळ्या आहेत. झेवियर्सकडून साईराज बहुतुले गोलंदाजी करत होता. त्याची त्या दिवशी धुलाई झाली आणि पुढे तो भारताकडून कसोटी खेळला. शारदाश्रमचा पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला. ती भागीदारी त्याच्याइतक्या जवळून आणि इतक्या आतुरतेने कोणी पाहिली नसेल. थोरांच्या इतक्या शेजारी बसूनही त्याला त्या डावात एक धाव मिळाली नाही. त्याने आपल्या धावा नंतर, रणजीच्या मैदानांवर, स्वतःच्या बॅटने काढल्या आणि २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. शेजारामुळे गोष्ट मिळते, धाव मिळत नाही.

मग माणसं हे का करतात? नुसत्या हावेपोटी, असं म्हणून मोकळं होता येत नाही. दोन अनोळखी मराठी माणसं एसटीत शेजारी बसली की पहिला प्रश्न येतो, "मूळचे कुठले?" त्यापाठोपाठ आडनाव. मग 'तुमच्या गावचे ते अमुक हेडमास्तर, त्यांची पुतणी आमच्या मावसभावाला दिलेली,' असा धागा सापडला की दोघांचेही चेहरे सैल होतात, शेंगदाण्याची पुडी मध्ये येते. नावांचे दुवे जुळवणं ही आपली परकेपणा घालवण्याची रीत आहे. त्या धाग्याला एखादं प्रसिद्ध नाव लागलं तर ते सांगायचा मोह व्हावा, यात अमानुष काही नाही.

तो मोह किती जुना आणि किती खोल आहे, हे अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलं. सात विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर त्यांनी नजर ठेवली. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला असेल, तर सोमवारी संस्थेचं नाव छापलेले कपडे घालून येणारी मुलं वाढायची. बोलतानाही जिंकल्यावर 'आपण' आणि हरल्यावर 'ते' असा फरक पडायचा. आपल्याकडे यासाठी विद्यापीठाची गरज नाही. वानखेडेवरचा सामना संपल्यावर दादर स्टेशनवर उभं राहावं. आपण जिंकतो. हरतात ते.

पण या उजेडात उभं राहण्याचा फायदा होतो का? ज्यूरिख विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नाव निवडलं होतं रॉजर फेडररचं. स्वित्झर्लंडमध्ये याहून मोठं नाव कुठलं सापडणार? बोलता बोलता कोणी आपला फेडररशी संबंध असल्याचं सांगितलं, तर ऐकणाऱ्याचं मत कसं होतं, हे त्यांनी पाहिलं. सांगितलेली जवळीक जितकी जास्त, तितका तो माणूस कमी आवडला. हा आपल्यावर छाप पाडू बघतोय, एवढंच ऐकणाऱ्याला जाणवलं. म्हणजे पिठल्याची गोष्ट सांगणाऱ्यापेक्षा तिकीट काढून ऐकलेल्या तोडीबद्दल सांगणारा जास्त भाव खाऊन जातो, हे शास्त्रानेही मान्य केलं म्हणायचं. आपल्याकडच्या चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर या संशोधनाचा काही परिणाम झालेला नाही. तिथे वरती साहेबांचा हसरा चेहरा, त्याखाली आमदार, त्याखाली नगरसेवक आणि अगदी तळाशी लंबगोलांच्या रांगेत गॉगल लावलेले शुभेच्छुक. साहेबांना त्यातलं एकही तोंड ठाऊक नसतं. ओळख एका बाजूने असली तरी छापता येते, हा शोध मात्र अस्सल आपला.

एका बाजूची ओळख दुसऱ्या बाजूने नाकारली, तर काय होतं? महाभारतात द्रोणाने ते अनुभवलं. आश्रमात बरोबर शिकलेला द्रुपद पांचालांचा राजा झाला होता आणि द्रोणाच्या घरात पोराला द्यायला दूध नव्हतं. द्रोण थेट दरबारात गेला आणि सगळ्यांसमोर राजाला सखा म्हणाला. द्रुपदाने सुनावलं, की राजाची आणि दरिद्री माणसाची मैत्री होत नसते, मैत्री बरोबरीच्यांत होते. त्या अपमानापायी कुरू राजपुत्रांची शाळा उभी राहिली, अर्धं राज्य हिसकावलं गेलं, द्रुपदाने यज्ञातून सूड मागितला आणि कुरुक्षेत्रावर द्रोणाचा वध करणारा धृष्टद्युम्न त्या यज्ञातूनच आला. दुसरा वर्गमित्र सुदामा. सांदीपनींच्या आश्रमात कृष्णाबरोबर शिकला, पण घरातलं दारिद्र्य बायकोला असह्य होईपर्यंत त्या ओळखीचा त्याने वापर केला नाही. गेला तेव्हाही मागणं ओठावर आलं नाही, पोह्यांची पुरचुंडी लपवत राहिला. कीर्तनात ही गोष्ट रंगते ती कृष्णाच्या दानशूरपणामुळे. मला मात्र त्यात सुदाम्याचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. द्रोण मैत्रीचं येणं वसूल करायला गेला होता. सुदामा जाताना काहीतरी घेऊन गेला.

मोठ्या माणसाचं नाव हे मुळात उसनं आणलेलं असतं. शेजारून वाटीभर साखर आणावी तसं. उसनं आणण्यात कमीपणा नाही. अख्ख्या चाळी त्यावर चालल्या. फक्त ती वाटी रिकामी परत करत नाहीत आणि घरात ठेवूनही घेत नाहीत.

गाणारी माणसं हे जाणतात. मैफलीत किंवा मुलाखतीत गुरूचं नाव आलं, की त्यांचा हात आपसूक कानाच्या पाळीकडे जातो. नाव तेवढंच मोठं, सांगणाराही त्याचा निकटचा, पण त्या नावाने मान ताठ होण्याऐवजी किंचित झुकते. भीमसेनांचे गुरू सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला. भीमसेनांनी तो कित्येक दशकं सांभाळला. या काळात ते स्वतः गुरूपेक्षा कितीतरी अधिक लोकांना ठाऊक झाले. तरी लोक डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून 'सवाई'लाच जात राहिले. महोत्सवाच्या नावात 'भीमसेन' हा शब्द आला तो २०११ मध्ये ते गेल्यानंतर. उसनं परत करायची ही एक रीत. जनाबाईची रीत आणखी जुनी. आपल्या अभंगात ती स्वतःची ओळख नामदेवाची दासी अशी देते. त्या काळी त्या नावाने तिला उभं राहायला जागा दिली असेल. आज जात्यावरची जनी आठवायला कोणाला नामदेवांची मध्यस्थी लागत नाही.

उलट, ओळख सांगायची हौसच कोणाला नसती, तर आपलं फार मोठं नुकसान झालं असतं. १९२० मध्ये लोकमान्य गेले. त्यानंतरच्या दशकात स. वि. बापट यांनी 'लोकमान्य टिळक यांच्या आठवणी व आख्यायिका' तीन खंडांत प्रसिद्ध केल्या. सांगणाऱ्यांत नामांकित सहकारी आहेत, तसेच ज्यांची नावं आज कोणाला ठाऊक नाहीत असेही आहेत. 'टिळक मला म्हणाले' हे चार लोकांत सांगायची हौस या माणसांना होती, म्हणून ते काय म्हणाले ते आपल्यापर्यंत आलं. अशी गोष्ट चांगली की वाईट, हे ओळखायला सोपी कसोटी आहे. गोष्ट संपल्यावर डोळ्यांसमोर कोण उभं राहतं? टिळक उभे राहिले, तर सांगणाऱ्याचे आभार मानावेत. सांगणाराच उभा राहिला, तर चहा गार होतोय असं सांगून टाकावं.

माझे एक मामा नाशकात टपाल खात्यात सॉर्टिंगला होते. त्यांची प्रौढी साधी होती. "तात्यासाहेबांचं आणि आमचं रोजचं आहे," असं ते म्हणत. रोजचं म्हणजे पाकिटावरचा पत्ता वाचून पत्र योग्य खणात टाकणं. बटवडा करणारा पोस्टमन वेगळा. त्यामुळे शिरवाडकरांचा उंबरठा मामांनी कधी पाहिला नव्हता. घरात सगळ्यांना हे माहीत होतं आणि कोणी मोडता घालत नव्हतं. पण गाव साहित्यप्रेमी. ऐकणारे पुढचं विचारत. 'नटसम्राट' त्यांना कसं सुचलं असेल? 'किनारा'तली तुमची आवडती कविता कुठली? रोजचं आहे म्हटल्यावर उत्तर द्यायला हवं. मामा सार्वजनिक वाचनालयाचे वर्गणीदार झाले. आधी नाटकं वाचली, मग 'विशाखा', मग 'विशाखा'च पुन्हा, मग त्या काळातल्या इतर कवींचे संग्रह, ताडून बघायला. १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार शिरवाडकरांना जाहीर झाला, तेव्हा गल्लीतली कॉलेजची पोरं भाषणाची तयारी करायला मामांकडे येऊन बसली. 'आमचं रोजचं' हे पालुपद तोपर्यंत बंद पडलं होतं. ते कधी बंद पडलं, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

निवृत्तीनंतर एका साखरपुड्यात त्यांच्या शेजारी एक प्राध्यापक येऊन बसले. थोड्याच वेळात त्यांनी सुरुवात केली, "तात्यासाहेब मला नेहमी म्हणायचे..." मामांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, १९४२ मध्ये 'विशाखा' पहिल्यांदा कोणी काढली?" प्राध्यापक आठवू लागले. मामांनी फार ताणलं नाही. "भाऊसाहेब खांडेकरांनी. नवा कवी, त्याला आपलं मोठं नाव उसनं दिलं आणि प्रस्तावनाही लिहिली. पुढे दोघांनाही ज्ञानपीठ मिळालं. काय परतफेड झाली बघा!" प्राध्यापक जरा सावरून बसले आणि आदराने म्हणाले, "तुमचा दोघांशीही चांगला परिचय दिसतो."

"छे हो," मामा म्हणाले, "मी कोणालाच ओळखत नाही. मी वाचक."

मोठ्या माणसांना आपण ओळखत नाही, हे इतक्या रुबाबात सांगणारा माणूस मी अजून दुसरा पाहिलेला नाही.